लाखात एक उशीर

तिला सगळे काटाबाई म्हणत. ते आडनाव नव्हतं. काटेकोर या शब्दाला कंपनीतल्या लोकांनी कात्री लावून ते केलं होतं, आणि त्यात घड्याळाचा काटाही होता आणि पायात रुततो तोही. तिच्या कानावर ते अनेकदा आलं होतं. तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. ज्याचं काम मोजायचं त्याने थोडं टोचलंच पाहिजे, असं तिचं मत होतं.

कंपनी लहानशीच होती. प्रेस मशीनला बसवायच्या पेट्या तिथे बनत. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, वाकवणारं धूड. खाली साचा, वर चाळीस टनांच्या जोराने उतरणारा ठोकळा. कामगाराने पत्रा ठेवायचा, हात काढायचा, ठोकळा खाली येतो, तुकडा तयार. असं पाळीला चार-पाच हजार वेळा. चार-पाच हजारांत माणसाचा हात एकदा तरी चुकायचाच, म्हणून साच्यापुढे प्रकाशाचा पडदा असतो. डोळ्यांना न दिसणारे किरण एका खांबातून समोरच्या खांबात जात असतात. हात मध्ये आला की किरण तुटतो, पेटीला कळतं, पेटी ब्रेकला हुकूम देते आणि ठोकळा आहे तिथे थांबतो. या सगळ्यात पेटीच्या वाट्याला वीस मिलिसेकंद येत. एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले वीस. पापणी लवायलाही त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

कंपनीत नवं माणूस आलं की काटाबाई त्याला पहिल्या दिवशी एवढंच सांगे, "बाकीच्या कॉम्प्युटरचं उत्तर बरोबर आलं की झालं. आपल्याकडे उत्तर बरोबर आलं पण उशिरा आलं, तर ते चूक. वरातीमागून आलेलं घोडं कितीही उमदं असलं, तरी नवरदेव पायीच गेला ना."

हे तिने कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. तिचे वडील एकतीस वर्षं प्रेसवर होते. त्यांच्या काळी पडदा नव्हता, पेटीही नव्हती. दोन्ही मनगटांना चामड्याचे पट्टे आणि पट्ट्यांना दोऱ्या. ठोकळा खाली यायला लागला की त्याच्याबरोबर त्या दोऱ्या हात मागे खेचत. बाबा दहाही बोटं शाबूत ठेवून निवृत्त झाले, कान मात्र तिथेच ठेवून आले. "दोरीला उशीर म्हणजे काय ते ठाऊकच नसायचं," असं ते म्हणत आणि पुढच्याच वाक्यात त्या दोरीला शिवी देत. आठ-आठ तास खुंट्याला बांधलेल्या बैलासारखे उभे राहिले होते ते. लहानपणी त्यांच्या मनगटांवरचे वळ पाहूनच मी हे काम निवडलं, असं कुणाला सांगायला काटाबाईला आवडलं असतं. खरं तर कॉलेजात तिला दुसरा विषय मिळालाच नव्हता. वळ मात्र तिने पाहिले होते.

त्या वर्षी गिऱ्हाइकांनी नवं मागणं काढलं. पाळी संपली की किती तुकडे पडले याचा अहवाल पेटीने आपणहून ऑफिसात पाठवावा. कारखान्यांचे व्यवस्थापक प्रत्येक मशीनपाशी जाऊन आकडा बघायला कंटाळले होते. कंपनीच्या प्रोग्रामरने दीड महिन्यात ते काम केलं आणि पेटी काटाबाईच्या चाचणीच्या खोलीत आली.

खोलीत एक मोटर होती आणि मोटरवर लाकडाची पट्टी. दर तीन सेकंदांनी पट्टी प्रकाशात शिरायची, पेटी हुकूम द्यायची, आणि मधला वेळ मोजणीचं उपकरण टिपून ठेवायचं. दिवसरात्र, एक लाख वेळा. साडेतीन दिवसांनी काटाबाईने आकडे उघडले. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव आकडे नऊ ते चौदाच्या दरम्यान होते. एक आकडा एकशे त्रेचाळीस होता.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि कागद घेऊन साहेबांकडे गेली.

साहेब म्हणजे विभागप्रमुख. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. नाही म्हणायचं असलं तरी ते असं म्हणत की समोरच्याला बाहेर आल्यावर कळायचं. त्यांनी कागद सरळ धरला, मग टेबलावर ठेवला.

"लाखात एक," ते म्हणाले. "बाई, हे तर आपण कौतुकाने म्हणतो."

"सुनेबद्दल म्हणतात, साहेब. ब्रेकबद्दल नाही."

साहेब मनापासून हसले. "पुन्हा लावून बघा. दिसला तर थांबवू."

तिने पुन्हा लावली. तीन दिवस पट्टी आत-बाहेर करत राहिली. तिने तारा बदलल्या, खोलीतला पंखा बंद केला, पेटी तापवून पाहिली, गार करून पाहिली. एकशे त्रेचाळीस काही परत आला नाही. चौदाच्या पुढे एकही आकडा गेला नाही. मोजणीचं उपकरण जुनं होतं, दोन वर्षांपूर्वी एकदा त्याने घोळ घातला होता, हेही खरं होतं. पेट्या खोक्यांत भरून दाराशी रचल्या होत्या.

"मला अजून एक आठवडा द्या," ती साहेबांना म्हणाली.

"देतो की. पण आठवड्याने नाही सापडलं, तर तुम्ही आणखी एक मागाल. मागाल ना?"

तिने तो मागितलाच असता.

"तुम्हाला पटत असेल तरच करा सही," साहेब म्हणाले. "माझा आग्रह नाही. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन उद्याच आहे ना? घरी जा लवकर. त्यांना माझा नमस्कार सांगा."

शेराच्या रकान्यात तिने लिहिलं: 'मोजणी उपकरणातील दोषाची शक्यता.' खाली सही केली. कुणी तिचा हात धरून लिहवून घेतलं नाही. अक्षर तिचं होतं, नेहमीसारखं गोल आणि वळणदार. मग ती घरी गेली, कारण बाबांच्या पिशवीत टॉवेल, औषधाची चिठ्ठी आणि श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या भरायच्या होत्या.

सात महिने गेले. एका बुधवारी सकाळी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. दाराच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आदल्या दिवशी अपघात झाला होता. उजवा हात. अंगठा वाचला होता, चार बोटं गेली होती. पेटी त्यांची होती.

"कारखान्याचं म्हणणं आहे की बाईने पडदा बंद करून ठेवला होता," साहेब म्हणाले. "आपण जाऊन पेटी बघायची, ठीक आहे असं लिहून द्यायचं आणि परत यायचं."

कारखान्यात बारा प्रेस एका रांगेत होत्या. अकरा चालू होत्या. बारावीपाशी लाकडाचा भुसा टाकून झाडून घेतलं होतं, पण साच्याखालच्या खाचेत झाडू पोचला नव्हता. काटाबाईने तिकडे एकदा पाहिलं आणि पेटीचं झाकण उघडलं.

फोरमन बोलका होता. इथे दोघी बहिणी शेजारशेजारच्या मशीनवर काम करत, त्याने सांगितलं. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. हात गेला तो थोरलीचा. कामाला वाघीण. पण घाई नडली. "पडद्यामुळे काम हळू होतं म्हणतात या बायका. किल्ली फिरवून ठेवली असणार, दुसरं काय."

शेजारच्या मशीनवरची बाई काम थांबवून त्यांच्याकडे वळली होती. तीच धाकटी, हे सांगायची गरज नव्हती. बहिणीचा हात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली होती. हातावर पोट असलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

"पडद्याची किल्ली यांच्या कमरेला असते," ती फोरमनकडे न पाहता म्हणाली. "कालही होती."

फोरमनचा हात नकळत कमरेकडे गेला. किल्ली तिथेच होती.

"नक्की कधी झालं?" काटाबाईने विचारलं.

"पाळी सुटताना. पत्रा तिरका बसला होता, तो सरळ करायला तिने हात घातला. आम्ही सगळ्याच घालतो. पडदा आहे म्हणूनच घालतो." धाकटी थांबली. "भोंगा वाजत होता. दोनचा. भोंगा वाजतच होता आणि ठोकळा आला."

साहेब पलीकडे फोरमनशी हळू आवाजात बोलत होते. काटाबाईने झाकण लावलं, स्क्रू पिळले. धाकटीच्या बोलण्यातलं काहीतरी तिला टोचत होतं, काय ते अजून नीट उमगलं नव्हतं.

उमगलं ते गाडीत. दोनचा भोंगा. पाळी संपते दोनला, आणि पाळी संपली की अहवाल जातो.

कंपनीत परतताच तिने कपाट उघडून सात महिन्यांपूर्वीचे कागद काढले. त्या एका आकड्यासमोर वेळ छापलेली होती. तिने ती तेव्हाही पाहिली असणार, पण नुसती पाहिली होती. एकशे त्रेचाळीस मिलिसेकंद. दुपारी दोन वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

बुधवारची दुपार आणि सगळा गुरुवार ती प्रोग्रामरला शेजारी बसवून पेटीचं पोट फाडत होती. शेवटी निघालं ते एवढंसं. हात पडद्यात आला की ब्रेकला हुकूम देण्याआधी पेटी त्याची नोंद एका जागी करायची. पाळी संपताना अहवाल पाठवण्याचं कामही तीच जागा अडवून बसायचं, आणि पाठवून झाल्याशिवाय सोडायचं नाही. एरवी दोघांची गाठ पडत नसे. भोंग्याच्या त्या क्षणी पडली, की सगळ्यात तातडीचं काम सगळ्यात बिनमहत्त्वाच्या कामाच्या मागे रांगेत उभं राहायचं. सेकंदाचा सातवा भाग. तेवढ्या वेळात माणसाचा हात वीतभर पुढे जातो, आणि पडद्यापासून साचा तेवढाच लांब होता.

प्रोग्रामरचा चेहरा उतरला. "मला वाटलं आधी नोंद केलेली बरी," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी काटाबाईने पेटीच्या घड्याळात दर मिनिटाला दोन वाजवले आणि नेमक्या त्या क्षणी पट्टी आत जाईल असं केलं. वीस वेळा. सतरा वेळा उशीर झाला.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे: लाखात एक म्हणताना तिने ते एक लाखभर क्षणांवर सारखं पसरलेलं धरलं होतं. ते तसं नव्हतंच. ते दिवसातून तीनदा, भोंग्यापाशी दबा धरून बसलेलं होतं. आणि भोंग्याच्याच वेळी माणसं घाईत असतात, शेवटचा तिरका पत्रा सरळ करतात, घरी जायचं म्हणून हात चटकन आत घालतात.

दुपारी बाराला ती साहेबांसमोर उभी राहिली. त्यांनी वीसच्या वीस आकडे वाचले आणि बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

"सोमवारी बैठक घेऊ," ते म्हणाले. "दुरुस्ती करू, सगळ्या पेट्या शांतपणे बदलून देऊ. गाजावाजा नको."

"सोमवार सकाळपर्यंत नऊ भोंगे वाजतात, साहेब. आणि तशा पेट्या चारशेच्या वर आहेत."

"सात महिन्यांत एक झाला ना?"

"एक आपल्याला कळला."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. ते दुष्ट नव्हते. त्यांना दोन मुलं होती, घर होतं, आणि एखादी गोष्ट सोमवारवर ढकलली की ती थोडी लहान होते असा आयुष्यभराचा अनुभव होता. "बाई, सही तुमची आहे," ते हळूच म्हणाले. "मी तुमच्याही भल्याचंच सांगतोय."

"ते मला कळलं," ती म्हणाली, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाहेर पडली.

बसमध्ये असताना दोनचा भोंगा झाला. कुठल्यातरी कारखान्याचा, लांबून आलेला. बसमधल्या कुणीही मान वर केली नाही. काटाबाईने पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला आणि भोंगा थांबेपर्यंत सोडला नाही.

पेट्या बसवताना अडचण आली तर कारखाने तिलाच फोन करत, त्यामुळे त्रेचाळीस कारखान्यांचे नंबर तिच्या डायरीत होते. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिने त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, सहीसकट. त्यांनी पेपराची घडी घातली.

"तुला दिसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"एकदा."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी डायरी ओढून घेतली आणि पहिला नंबर मोठ्याने वाचला.

ती सगळीकडे एकच सांगत होती. भोंग्याआधी दोन मिनिटं प्रेस बंद करा, भोंगा झाल्यावर दोन मिनिटांनी चालू करा, कंपनी दुरुस्त पेटी देईपर्यंत असंच करा. कुणी लगेच ऐकलं, कुणी तीन-तीनदा विचारलं, एकाने तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या का असं विचारलं. एक व्यवस्थापक अडूनच बसला. लेखी पाठवा, म्हणाला. बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"मी एकतीस वर्षं प्रेसवर होतो," ते ओरडले. "लेखी कशाला पाहिजे तुम्हाला? बोटं मोजता येतात ना?" पलीकडचा काय म्हणतो ते त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते थांबलेच नाहीत. साच्यांची नावं घेतली, अपघातांची सालं सांगितली, कुणाचं काय गेलं ते सांगितलं. शेवटी दमून त्यांनी फोन परत दिला तेव्हा तो माणूस हो म्हणत होता.

शुक्रवार आणि शनिवार मिळून चाळीस कारखाने झाले. तिघांनी फोन उचलला नाही. त्या तीन ठिकाणी काही झालं नाही, पण ते कुणाचं कर्तृत्व म्हणता येणार नाही.

सोमवारी साहेबांच्या बैठकीला ती गेली नाही. सगळे आकडे, सात महिन्यांपूर्वीचा तो कागद आणि एक पत्र घेऊन ती कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात गेली आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर आली. गुरुवारपर्यंत सगळ्या पेट्यांतला अहवाल बंद करण्याचा हुकूम निघाला. त्याच दिवशी कंपनीने तिला घरी बसायला सांगितलं. चाचणीच्या खोलीची किल्ली तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते, वळले नाहीत.

बहिणींच्या घरी जायचं तिने दोनदा ठरवलं आणि दोनदा रद्द केलं. तिसऱ्यांदा गेली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. थोरली खिडकीशी खुर्चीत बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला. धाकटी चहा टाकत होती.

काटाबाईने बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसल्यावर जमलं नसतं.

"पेटी मीच तपासली होती. उशीर मला एकदा दिसला होता. उपकरणाची चूक असेल असं लिहून मी सही केली."

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे माहीत होतं."

"माहीत नव्हतं. दिसलं होतं."

"आमच्याकडे ते एकच धरतात." तिचा आवाज थकलेला होता. "तुम्ही तेव्हा अडवली असतीत पेटी, तर?"

"तर ती तुमच्या मशीनवर आलीच नसती."

स्टोव्हवरचं पाणी उकळत होतं. धाकटीने ते उतरवलं नाही.

"मग आता एक करा," थोरली म्हणाली. "हिला सांगा."

"काय सांगू?"

"काय झालं ते. पहिल्यापासून, हिला कळेल असं. त्या दिवशी भोंगा झाला तेव्हा हिने मला हाक मारली होती. ताई, चल म्हणून. तेव्हापासून हिच्या डोक्यात बसलंय की माझं लक्ष गेलं ते हिच्यामुळे. घास उतरत नाही हिच्या गळ्याखाली. मी सांगून दमले. घरच्यांचं कोण ऐकतं?"

धाकटी पाठ करून उभी होती. काटाबाई तिच्याजवळ गेली. पडदा, पेटी, नोंद, अहवाल, सगळं तिने सावकाश सांगितलं. लाकडाच्या पट्टीबद्दल सांगितलं. "त्या पट्टीला कुणी हाक मारत नाही. तिचं लक्ष इकडेतिकडे जात नाही. तरी वीसपैकी सतरा वेळा उशीर झाला. ताईंचं लक्ष कुठेही असतं, तरी पडद्याने त्यांना वाचवायला पाहिजे होतं. तो त्यासाठीच असतो."

"किती उशीर?" धाकटीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सेकंदाचा सातवा भाग."

"तेवढ्यात 'ताई' तरी म्हणून होतं का?"

"नाही होत."

धाकटीने ओठांनी, आवाज न करता, तो शब्द म्हणून पाहिला. दोनदा. मग स्टोव्ह बंद केला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ आतून फक्त नळाचा आवाज येत होता.

"तिचं झालं," थोरली म्हणाली. "माझं मी बघेन. तुम्ही आता पुन्हा येऊ नका, बाई. भांडण म्हणून नाही सांगत. तुम्ही समोर बसलात की मी मनात हात आत घालते आणि बाहेर काढते, घालते आणि काढते. तेवढा जोर नाही माझ्यात अजून."

काटाबाईने मान हलवली. चहा तसाच राहिला होता.

चौकशी महिन्याभराने झाली. लांबट खोली, एक टेबल, टेबलामागे निरीक्षक आणि टाइप करणारा कारकून. निरीक्षक कोरडे गृहस्थ होते, आकडे त्यांनी आधीच वाचलेले होते. फोरमनला त्यांनी किल्लीबद्दल विचारलं आणि फोरमनने खरं सांगितलं. साहेबांनी सांगितलं की कंपनीने चाचणीच्या शेऱ्यावर विश्वास ठेवला. मग काटाबाईची पाळी आली.

"तुम्ही आणखी एक आठवडा मागितला होता. मग सही का केलीत?"

"दुसऱ्या दिवशी वडिलांचं ऑपरेशन होतं," ती म्हणाली. कारकुनाची बोटं चालू झाली. "थांबा, ते लिहू नका. ऑपरेशन होतं, पण ते कारण नाही. मला वाटलं, लाखात एक आहे, आणि तो एक माझ्या ओळखीचा नसणार."

कारकुनाने निरीक्षकांकडे पाहिलं. "लिहा," निरीक्षक म्हणाले.

थोरलीवरचा निष्काळजीपणाचा ठपका त्याच दिवशी काढला गेला. पेट्या दुरुस्त झाल्या. कंपनीने माफीचं पत्र काढलं, त्यात कुणाचं नाव नव्हतं. काटाबाईला तीन वर्षं कुठल्याही सुरक्षा-उपकरणाच्या चाचणीवर सही करायला मनाई झाली. तिने अपील केलं नाही. साहेब होते तिथेच राहिले. प्रोग्रामर आपणहून काम सोडून गेला.

निकालानंतर ती कार्यालयाचा जिना उतरत होती. खालच्या वळणावर थोरली बाकावर बसली होती, एकटी. धाकटी कागदांवर शिक्के घ्यायला वर थांबली असावी. थोरलीने पाण्याची बाटली मांड्यांमध्ये घट्ट धरली होती आणि डाव्या हाताने झाकण पिळत होती. झाकण नवं होतं, निघत नव्हतं. बाटलीच फिरत होती.

काटाबाई थांबली. नकळत तिचा हात पुढे झाला.

"राहू द्या," थोरली म्हणाली.

तिने बाटली बाजूला ठेवली, पट्टीतला हात मांडीवर नीट घेतला आणि जिन्याच्या वरच्या टोकाकडे बघत राहिली. काटाबाई तिला ओलांडून खाली उतरली. फाटकापाशी तिने मागे पाहिलं तेव्हा धाकटी खाली आली होती. तिने झाकण उघडून बाटली बहिणीच्या डाव्या हातात दिली होती, आणि थोरली पाणी पीत होती, घोट घोट, घाई न करता.